जमिनीवरचा चुना

खोलीत शिरल्यावर मी आधी शोधला तो झाडू.

"शालनसिता, आधी बस तरी," चेलो दारातून म्हणाली.

"बसू कुठे? हे बघ काय पसरलंय."

चेलो आमच्या आरोग्यकेंद्रातली कारकून. टेक्सासात जन्मलेली मेक्सिकन, पन्नाशीची, जाडजूड, सतत हसणारी. माझं स्पॅनिश तेव्हा ताप, खोकला आणि जुलाब यांच्या पलीकडे जात नव्हतं, म्हणून घरभेटींना मी तिला बरोबर नेत असे. माझ्या शालन या नावाला लाडाचं शेपूट तिनंच जोडलं होतं. त्यांच्यात लहान मुलांच्या नावाला जोडतात तसं.

ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोपासून तासाभराच्या अंतरावर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध वसलेलं गाव होतं. सप्टेंबर लागला की दोन ओळींमधल्या जमिनीवर तपकिरी कागद अंथरून त्यावर द्राक्षं वाळत घालत, आणि सगळ्या गावाला गुळासारखा वास सुटे. मी तिथे सरकारी नर्स होते. मिरजेला शिकलेली, फलटणची. माझा रंग आणि माझी वेणी बघून मजुरांच्या बायका मला त्यांच्यातलीच समजत आणि भराभरा बोलू लागत. त्यांचं बोलणं मला कळलं नाही की त्यांना वाटे, ही शिष्ट आहे.

त्या शुक्रवारी मी मजुरांच्या चाळीत गेले होते ते एका तीन वर्षांच्या मुलीसाठी. तिचं नाव चायो. आदल्या दिवशी शेजारची म्हातारी तिला केंद्रात घेऊन आली होती. दोन्ही तळहात लाल, एकावर फोड. कशानं झालं ते म्हातारीनं सांगितलं नव्हतं. आता मला ते समोरच दिसत होतं. सिमेंटच्या जमिनीवर, भिंतीजवळ, माणूस आडवा होईल एवढ्या जागेत चुना पसरलेला. मधूनमधून जाड, कुठे पुसट, कडा विस्कटलेल्या. चुन्यानं हात भाजतात हे मला नर्सिंग शिकण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. आमच्या घरी पानाचा डबा होता.

चुन्याशेजारी, उपड्या खोक्यावर, मुलीची आई बसली होती. ओतिलिया. चाळिशीची असेल. अंगात पुरुषाचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. डोळ्यांखाली काळं. पाच आठवडे ती कामावर गेली नव्हती आणि पलंग असून खाली झोपत होती, एवढं म्हातारीकडून कळलं होतं.

"विचार, हे काय आहे," मी चेलोला म्हटलं.

चेलोनं विचारलं. ओतिलिया हळू आवाजात काहीतरी बोलली.

"म्हणते, राहू द्या."

"पण कशासाठी?"

"एवढंच म्हणते बाई. राहू द्या."

मी चायोचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि आईला सांगितलं, "बाहेरच्या नळाखाली धर. दहा मिनिटं. घड्याळ नसलं तर शंभरपर्यंत सहा वेळा मोज." नर्सच्या आवाजात सांगितलं की माणसं ऐकतात. ती मुलीला कडेवर घेऊन निघाली, दारात थांबली, मागे वळून चुन्याकडे पाहिलं आणि गेली.

दहा मिनिटं मला पुष्कळ होती. मी चुना झाडून द्राक्षांच्या कागदात गोळा केला, पुडी बांधली आणि चेलोला बाहेरच्या पिंपात टाकायला दिली. उरलेलं ओल्या फडक्यानं पुसलं. जमीन लख्ख झाली. मला फार बरं वाटलं. सासूबाई असत्या तर त्यांनीही मान डोलावली असती, असंसुद्धा मनात आलं.

ओतिलिया परत आली. तिनं मुलीला खाली ठेवलं. ओल्या जमिनीकडे पाहिलं. मग ती ओरडली. तसा आवाज मी प्रसूतीच्या वॉर्डातही ऐकला नव्हता. ती गुडघ्यांवर पडली, दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागली. तिचे दात आवळले गेले, अंग ताठ झालं. चेलो छातीवर क्रूसाची खूण करत कोपऱ्यात सरकली. मुलगी रडू लागली.

रुग्णवाहिका येईपर्यंत ओतिलिया एकच वाक्य बोलली. चेलोनं मला ते सांगितलं.

"म्हणते, माझा मुलगा इथे जमिनीवर होता."

त्यानंतर ती बोललीच नाही.

तिला आमच्याच केंद्राच्या मनोरुग्ण विभागात आणलं. तिथले डॉक्टर होते व्हिटलॉक. उंच, वाकलेले, टेबलाच्या खणात बेदाणे ठेवून एकेक खाणारे. वाईट मनुष्य नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांनी ओतिलियाला पंधरा-वीस प्रश्न विचारले. चेलोनं सगळे भाषांतर करून विचारले. ओतिलिया भिंतीकडे बघत राहिली. ताटाला हात लावला नाही.

"मुलगा वारलाय तिचा," चेलो म्हणाली. तिनं ते मळ्याच्या मुकादमाकडून काढलं होतं. "ऑगस्टमध्ये. तोमास. एकोणीस वर्षांचा. मळ्यात उन्हानं कोसळला. देह गावी पाठवला, मेक्सिकोत खूप खाली, दक्षिणेला. ही गेली नाही. गेली असती तर परत येता आलं नसतं, कागद नाहीत."

"आणि तो जमिनीवर आहे असं तिला दिसतं," डॉक्टर लिहीत म्हणाले.

"असं म्हणाली खरी."

"घरात चुना कुणी पसरला?"

"तिनंच."

"मुलीचे हात भाजेपर्यंत." त्यांनी टोपण लावलं. "मिसेस रणनवरे, कायद्यानं मी तिला सोमवार दुपारपर्यंत ठेवू शकतो. तोवर ती बोलली नाही, खाल्लं नाही, तर मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. तिथे महिने लागतात."

"आणि मुलगी?"

"मुलीची सोय कौंटीचं सरकारी खातं करेल. आज तिला शेजारच्या गावातल्या एका कुटुंबात ठेवलंय. चांगली माणसं आहेत."

"स्पॅनिश येतं त्यांना?"

डॉक्टरांनी एक बेदाणा तोंडात टाकला.

शनिवारी सकाळी मी पोळ्या करत होते. हे आत पेपर वाचत बसले होते. शेवटची पोळी तव्यावर टाकली आणि ओट्यावर सांडलेलं पीठ पुसायला फडकं उचललं. हात तसाच थांबला.

माझे वडील त्याच वर्षी एप्रिलमध्ये फलटणला वारले. तार आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मग दादाचं पत्र आलं. त्यानं सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. कोण कोण आलं, किती वाजता नेलं. अण्णांनी जिथे प्राण सोडला तिथे दिवा लावला, पीठ पसरलं, वर दुरडी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी वहिनी सवयीनं त्या खोलीत केरसुणी घेऊन गेली तर आई, जिनं जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही, ती वहिनीच्या अंगावर धावून गेली. केरसुणी हिसकावून अंगणात फेकली. दहा दिवस त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. दहाव्या दिवशी दुरडी उचलली. पिठावर काही उमटलं नव्हतं. पाखराचं पाऊल नाही, किड्यामुंगीची रेघ नाही. दादानं शेवटी लिहिलं होतं, 'आई अजून विचारते, काहीच उमटलं नाही म्हणजे त्यांना कुठलाच जन्म मिळाला नाही का? मी काय सांगू?'

पत्र वाचून मी घडी घातली, कपाटात ठेवलं आणि कामाला गेले होते.

"पोळी करपतेय," हे आतून म्हणाले.

मी गॅस बंद केला आणि चेलोला फोन लावला.

"शनिवारी सकाळी आठ वाजता," चेलो म्हणाली, "तू मला कचरा उपसायला बोलावतेस. माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी असा अपमान केला नाही."

"येतेस की नाही?"

"हातमोजे आण. दोन जोड."

चाळीबाहेर पिंपं तीन होती आणि तिन्हीत द्राक्षांचे तपकिरी कागद गच्च भरलेले. गाडी सोमवारी यायची होती म्हणून वाचलो. आम्ही एकेक चुरगळा उलगडत होतो तेवढ्यात चायोला केंद्रात आणणारी ती शेजारची म्हातारी तिथे आली. तिला सगळे दोन्या चोना म्हणत, म्हणजे चोनाबाई. कमरेवर हात ठेवून ती आमच्याकडे बघत राहिली.

"काय हरवलं?" तिनं विचारलं.

"ओतिलियाचा चुना," चेलो म्हणाली.

"हं." म्हातारी पिंपाजवळ आली. "काल पुसलात तो."

"दोन्या चोना," मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, "तो कशासाठी होता?"

म्हातारी चेलोशी बोलू लागली आणि चेलोचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"शालनसिता, तो क्रूस होता. ओतिलियाच्या गावाकडे मेलेला माणूस जिथे ठेवला होता तिथे चुन्यानं क्रूस काढतात. नऊ दिवस प्रार्थना. तोवर तो क्रूस म्हणजे तो माणूसच. झाडायचं नाही, पुसायचं नाही. नवव्या दिवशी तो उचलायचा आणि थडग्यावर न्यायचा. घरच्यांनी नाही उचलायचा. त्यासाठी बाहेरच्या कुणालातरी विनंती करायची, ती क्रूसाची धर्ममाता. आमच्यात टेक्सासात नाही गं असलं. आम्ही नऊ दिवस जपमाळ ओढतो आणि कॉफी पितो. मला खरंच माहीत नव्हतं."

"पण त्याला तर पाच आठवडे झाले."

म्हातारीनं हात उडवले. चेलो सांगत गेली, "ओतिलियाच्या गावची सगळी माणसं तोमास गेल्यावर दोन दिवसांनी वर उत्तरेला सफरचंदं तोडायला गेली. वॉशिंग्टन राज्यात. काम थांबत नाही ना. ती नोव्हेंबरात परतणार. चाळीत उरल्या त्या परगावच्या, त्यांच्याकडे मागायला ओतिलिया धजली नाही. प्रार्थना म्हणायला माणसं नाहीत, उचलायला कुणी नाही. म्हणून ही राखत बसली होती. मुलगा असा उघड्यावर टाकून कामाला कशी जाईल? मुलीवर नजर ठेवायची. एक दिवस डोळा लागला तेवढ्यात पोरीनं हात घातला."

म्हणजे ती वाट बघत होती. बस.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" मी म्हाताऱ्या बाईवर जवळजवळ ओरडलेच.

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही मुलीच्या हाताबद्दल विचारलंत."

पुडी तिसऱ्या पिंपात तळाशी सापडली. गाठ मी बांधली होती तशीच होती.

डॉक्टर व्हिटलॉक शनिवारी अकराला वॉर्डात येत. मी पुडी पोटाशी धरून दारात उभी राहिले आणि त्यांना सगळं सांगितलं. फार चांगलं सांगता आलं नाही. अण्णांचं सांगितलं नाही. फक्त म्हणाले की आमच्याकडेही असं करतात, पिठाचं.

"तुम्हाला माझ्या वॉर्डात कचरा आणायचाय," ते म्हणाले.

"मी जो नेला तो तिला परत द्यायचाय."

"त्यानं तिचा भ्रम पक्का झाला तर?"

"डॉक्टर, तिनं आपल्याला खरं तेच सांगितलं होतं. तिचा मुलगा जमिनीवरच होता."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "दहा मिनिटं. चुना आहे, तिच्या डोळ्यांत जाता कामा नये. आणि मी इथे उभा राहणार."

ओतिलिया पलंगावर होती, तोंड भिंतीकडे. मी तिच्यासमोर, भिंत आणि पलंगाच्या मधल्या अरुंद जागेत, खाली बसले. पुडी तिच्या हाताजवळ ठेवली. येताना मोटारीत चेलोकडून दोन वाक्यं घोकून घेतली होती.

"मी झाडलं. मला माफ कर."

ती हलली नाही. मग मी घोकलेलं सोडून दिलं आणि माझ्या ताप-खोकल्याच्या भाषेत बोलत सुटले. माझ्या गावी, मेलेला माणूस, पीठ, जमीन. माझी आई. झाडू फेकला. अंगणात. व्याकरण नव्हतंच. मागे चेलो नाक पुसत होती.

ओतिलियाचा हात पुढे आला. तिनं गाठ सोडली, कागद उघडला आणि बोटाचं टोक चुन्यावर ठेवलं.

"सगळा आहे?" तिनं विचारलं.

डॉक्टर दारातून एक पाऊल आत आले.

मला हो म्हणता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "थोडा फडक्याला गेला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता. मग तिनं कागद मिटला, परत गाठ मारली आणि चेलोला काहीतरी म्हणाली. चेलो हसली आणि रडलीसुद्धा.

"म्हणते, जिनं झाडला तिनंच उचलायचा. आता धर्ममाता तूच. आणि म्हणते, तिची मुलगी कुठे आहे?"

"सांग, आधी जेव. मग मुलगी."

"तू सांग. तुझी नातेवाईक आहे ती आता."

ती जेवली. डॉक्टर व्हिटलॉक कागद घेऊन बाहेर बाकावर बसले होते. मी गेले तर म्हणाले, "इथे काय लिहू?"

माझ्या ओठांवर सुतक हा शब्द आला. तो इंग्रजीत कसा सांगायचा ते सुचेना.

"लिहा, तिचं अजून पुरं झालेलं नाही. नऊ दिवस हवेत."

त्यांनी तसंच लिहिलं. पुढे मी सात वर्षं त्या केंद्रात होते. त्यांच्या पंधरा-वीस प्रश्नांत एक नवा प्रश्न मी शेवटपर्यंत पाहिला, त्यांच्या तिरक्या अक्षरात सगळ्यांत वर लिहिलेला. घरात कुणी गेलं आहे का, आणि त्याचं जे करायचं ते सगळं झालं आहे का?

सोमवारी ओतिलिया घरी गेली. मुलीला परत मिळवायला गुरुवार उजाडला. चायो आल्या आल्या आईच्या शर्टात तोंड खुपसून बसली आणि संध्याकाळपर्यंत निघाली नाही. ओतिलियानं त्याच चुन्यानं पुन्हा क्रूस काढला, आणि या वेळी आम्ही त्याभोवती खोकी उभी केली, पोरीचा हात पोचू नये म्हणून. नऊ दिवस संध्याकाळी साडेपाचला मी कामावरून थेट तिथे जाई. प्रार्थनेला चाळीतल्या बायका धरून आम्ही कधी पाच, कधी सात जणी. मला शब्द येत नव्हते, मी नुसती बसे. चेलो घरून गोड पाव आणायची आणि प्रार्थना चालू असताना मला कोपरानं ढोसून विचारायची, "भूक लागली ना?"

नवव्या दिवशी मी अंगणातला झेंडू नेला. दसऱ्यासाठी लावला होता, तो उरला होता. ओतिलियानं फुलं पाहिली आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली. तिच्या गावीही तीच लागतात.

क्रूस उचलायचा तो डोक्याकडून. आधी वरचा भाग, मग डावा हात, उजवा हात, मग खालचा. प्रत्येक भागाची वेगळी प्रार्थना. मी गुडघ्यांवर बसून झेंडूच्या जुडीनं चुना गोळा करून बुटांच्या खोक्यात भरत होते. तोमासचेच बूट होते त्यात आधी. ते खोकं नाताळात गावी जाणाऱ्या माणसाबरोबर थडग्यापर्यंत पोचायचं होतं. डोकं झालं, दोन्ही हात झाले. पायाकडच्या भागाशी आले आणि मला पुढे होईना. जुडी हातात तशीच राहिली. प्रार्थना थांबली. सगळ्या वाट बघत होत्या.

ओतिलिया माझ्याशेजारी बसली.

"तुझं कोण?" तिनं विचारलं.

"वडील."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"कुणी उचललं?"

"आईनं."

"आणि तू?"

"मी इथे होते," मी म्हणाले. आणि मग मी रडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. अनोळखी बायकांच्या मध्ये, चुन्याच्या हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून चेलोच्या पदराएवढ्या रुमालात तोंड घालून.

त्यांनी मला रडू दिलं. मग ओतिलियानं माझा हात मनगटाजवळ धरला आणि शेवटचा भाग आम्ही दोघींनी उचलला. खोकं बंद झाल्यावर ती उठली, फडताळातून मक्याच्या पिठाचा डबा काढला. पलंगाच्या पलीकडच्या कोपऱ्यात तिनं मूठभर पीठ पसरलं, वरून तळहात फिरवून सपाट केलं. मला विचारलं नाही.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "मी राखते. आणि कोमाद्रे, झाडू नकोस."

कोमाद्रे म्हणजे असं नातं जोडलेली बाई. आपल्याकडे विहीणबाई म्हणतात तसं, पण लग्न लागायला नको. मग हशा झाला, आणि कॉफी झाली.

नऊ दिवसांत ती कामावर जाऊ लागली होती. बेदाण्यांचे कागद गुंडाळायचं शेवटचं काम चालू होतं. चायोला दोन्या चोना सांभाळायची. नवव्या संध्याकाळी मी गेले तर ओतिलिया कोपऱ्याजवळ उभी होती, हात कमरेवर, आणि चायो पलंगाखाली.

"बाहेर ये," ओतिलिया म्हणत होती. "बाहेर ये म्हणते ना. कोमाद्रे, मी काय सांगू तुला, दुपारपर्यंत नीट होतं. या पोरीनं—"

मी वाकून पाहिलं. पिठाच्या अगदी मधोमध पंजा उमटला होता. एवढासा. पाचही बोटं स्पष्ट.

पलंगाखालून आवाज आला, "मी नाही."

"मग कुणी? मांजरानं?" ओतिलिया कडाडली.

मी चायोला बाहेर ओढलं आणि तिचे तळहात उलटे करून पाहिले. सवयच ती. फोड गेले होते. नवी कातडी आली होती, गुलाबी, आणि रेषांमध्ये पीठ.

"राहू दे," मी ओतिलियाला म्हटलं. "तिला बोलू नकोस."

त्या रविवारी मी आईला पत्र लिहिलं. एरवी हवापाण्याचं लिही, या वेळी फक्त हेच लिहिलं. इथेही अण्णांसाठी पीठ घातलं होतं. एका घरात, नऊ दिवस. माझी एक मैत्रीण राखत होती. त्यावर उमटलं. हाताचा पंजा, पाच बोटं.

आईचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. दादाच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या अक्षरात, मोठमोठ्या वळणांत.

'म्हणजे माणसाचाच मिळाला. बरं झालं. मैत्रिणीला माझा नमस्कार सांग.'